उष्ट्या हवेची गादी

विश्वंभररावांना बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, आणि आडवं व्हावं तर कशावर व्हावं हाच घोर होता. पोळा होऊन गेला होता. वसमतच्या त्यांच्या घरातल्या मधल्या खोलीत सतरंजी, घोंगडी, योगासनांची निळी चटई आणि घडीचा फोम असं सगळं एकाशेजारी एक पसरलेलं, आणि हे गृहस्थ भर दुपारी एकावरून उठून दुसऱ्यावर लोळत होते. उजवी कूस, डावी कूस, उताणं, पुन्हा उजवी. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर या वयात हा काय पोरखेळ म्हणालं असतं. पण त्यांच्या जिवाला लागलेली ओढ साधी नव्हती. नर्मदामैया उजव्या हाताला ठेवून पायी परिक्रमा करायची, हे त्यांनी हायस्कुलात हेडक्लार्क होते तेव्हापासून मनात धरलं होतं. आता नोकरी संपली होती, सोबत मिळाली होती, कार्तिकात देव उठले की निघायचं असं ठरत आलं होतं. नडत होती ती एकटी पाठ.

जन्मभर त्यांनी कीर्तनाला पेटीची साथ केली. मांडी घालून बसायचं, डावा हात भात्यावर, मान बुवांकडे वळलेली. कीर्तन रंगलं की पेटीवाल्याला पाठ असते हे कुणाच्याच ध्यानात राहत नाही, खुद्द पेटीवाल्याच्याही. त्या सेवेचा प्रसाद म्हणून मणक्यात गॅप पडला. डॉक्टरांनी बजावलं होतं, टणक फरशीवर झोपू नका. आणि परिक्रमेत तर दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी जिथं जागा मिळेल तिथं पाठ टेकायची. धर्मशाळेची फरशी, देवळाची ओसरी, नाहीतर कुणाच्या गोठ्याशेजारची सारवलेली जमीन.

ताराबाई म्हणजे त्यांची बायको. त्यांनी भांडण केलं नाही, रडारड केली नाही. भाजी निवडता निवडता एकच अट घातली.

"जा की, मी कुठं अडवते? फक्त जमिनीवर निजा, झोप लागू द्या, आणि कुणाचा हात न धरता, कशाचा आधार न घेता उठून दाखवा. मग खुशाल जा."

"एवढंच ना?"

"एवढंच. घरी नाही हं. घरी तुम्ही पलंगाचा खूर धरता. मला दिसतं."

ते एवढंच त्यांना खाऊन राहिलं होतं. बसनं परिक्रमा करणारेही असतात. त्यांना विश्वंभरराव मनापासून नमस्कार करत, पण स्वतःचं नाव त्यात घालायला तयार नव्हते. जायचं तर पायीच.

सोबत होती ती सटवाजींची. सटवाजी शिरड शहापूरचे, हळदीची शेती करणारे, पखवाजाला हात असा की कीर्तनकार मुद्दाम त्यांचं नाव घेऊन निरोप धाडत. दोघांनी कितीतरी सप्ताह शेजारी बसून वाजवले होते. सटवाजींनी आपलं सामान एका पिशवीत कधीच भरून ठेवलं होतं, आणि विश्वंभररावांच्या घरी आले की त्या मधल्या खोलीकडे बघून हसत.

"काका, हे काय मांडून बसले? लग्नाचं वऱ्हाड उतरायलं का?"

"तुमचं बरं आहे सटवाजी. तुम्ही ढेकळावर निजलात तरी चालतं."

"माझं घोंगडं बास. तुमी बी जे दोन बोटांनी उचलंल तेच घ्या. बाकीचं मैया बघती."

दोन बोटांनी. तेव्हापासून विश्वंभरराव हरेक वस्तू दोन बोटांनी उचलून बघू लागले. सतरंजी उचलेना. घोंगडी उचलली, पण भिजली की तिचं काय होतं ते त्यांना माहीत होतं. निळी चटई हलकी, अगदी करंगळीवर तोलावी, पण तिच्यावर कुशीवर झालं की खुब्याचं हाड फरशीला जाऊन भेटायचं. घडीचा फोम त्यांना पटत आला होता. हलका होता, पाण्याला भीत नव्हता, फुटायचं-फाटायचं भय नव्हतं. त्याच्यावर खळगे खळगे होते, त्यात हवा राहते म्हणे. पण ताराबाई येता जाता बोलून गेल्या, "अंड्यांच्या ट्रेसारखं दिसतंय. यावर बसून जप करणार?" झालं. त्यानंतर विश्वंभररावांना त्यात दुसरं काही दिसेचना. ते उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

शेवटी त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला. अबोली नोकरीतून रजा काढून हिमालयात हिंडणारी पोरगी. तिनं वडिलांना आधी पोटभर बोलू दिलं.

"बाबा, तुम्ही कुशीवर झोपता. सगळा भार खांद्यावर आणि खुब्यावर येतो. तुम्हाला फोम पुरायचा नाही, हवेचीच लागेल. आणि नुसती हवेचीही नको. डिसेंबरात नदीकाठची जमीन खालून गारठा सोडते, वर तुम्ही कितीही पांघरा. आतून अस्तर लावलेली लागते. माझी आहे तशी. मी पाठवते."

"तुझी? मग तुला?"

"मला कुठं परिक्रमा करायचीय? घ्या तुम्ही. फक्त एक आहे, कूस बदलली की जरा वाजते."

पुडकं आलं. पाण्याच्या बाटलीएवढी पिशवी. विश्वंभररावांनी ती दोन बोटांनी उचलली आणि तशीच धरून देवघरापर्यंत गेले, देवाला दाखवून आणली. मग खोलीत येऊन उलगडली. केशरी रंगाची, मऊसूत, साडीच्या अस्तरासारखी सळसळणारी. एका कोपऱ्याला चपटं झाकण. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"अगं, हिचा पंप कुठाय?"

"पिशवीचा पंप असतो, तो माझ्याकडून मनालीला राहिला. तोंडानं फुंकायची बाबा. लगेच भरते."

विश्वंभररावांनी फोन ठेवला आणि गादी हळूच खाली ठेवली.

आता हे समजून घ्यायला त्या घराची रीत कळली पाहिजे. त्या घरात दिवा कधी फुंकरीनं विझवला नाही, पदरानं किंवा फुलानं शांत केला. गरम नैवेद्यावर फुंकर घातली नाही. अबोली लहान असताना वाढदिवसाला मेणबत्त्या आणल्या होत्या, त्याही फुंकू दिल्या नाहीत, वितळून आपोआप शांत होईपर्यंत पोरगी केकसमोर रडकुंडीला येऊन बसली होती. तोंडातून निघालेला वारा उष्टा. ज्या गादीवर बसून पहाटे मैयेचं नाव घ्यायचं, जिच्या उशाशी मैयेचं जल ठेवायचं, तिच्या पोटात उष्टी हवा कोंडायची?

"खूळ आहे," ताराबाई म्हणाल्या.

"शास्त्र आहे."

"कुठल्या शास्त्रात फुग्याच्या गादीचं लिहिलंय?"

"उष्ट्याचं लिहिलंय ना."

"मग शंख कशानं वाजवता? पायानं?"

विश्वंभरराव अंगणात गेले, तुळशीला चक्कर मारून आले, पुन्हा गेले. पेटीचा भाता लावून बघावा असंही एकदा मनात येऊन गेलं, पण पेटीला ते सोसलं नसतं. शेवटी त्यांनी गादी काखेत मारली आणि स्टँडजवळच्या दिपकच्या सायकल दुकानावर गेले.

"हवा भरायची आहे."

दिपकनं गादी उलटसुलट केली. "काका, याला मुंडी कुठाय?"

"हे झाकण. बेतानं भर."

"टाइट भरतो. कमी हवा म्हणजे पंक्चर." सायकल असो, बैलगाडीचं चाक असो, दिपकला हवा एकच ठाऊक होती. गादी अशी फुगली की तिच्यावर बोट आपटलं तर डग्गा बोलावा. ती डोक्यावर घेऊन विश्वंभरराव बाजारातून घरी आले. ओळखीच्या दोघातिघांनी विचारलं, "पूर येऊन राहिला का?"

घरी त्यांनी तिच्यावर अंग टाकलं आणि गादीनं त्यांना शेजारी उतरवून दिलं. पुन्हा चढले, पुन्हा उतरवलं. तिसऱ्यांदा ते काठावरच थांबले. पाठ ठणकत होती. मन म्हणत होतं, मैयेलाच आपण नको आहोत. हात मात्र नुसता बसेना, त्यानं झाकणाशी चाळा करता करता ते जरा ढिलं केलं. हवा सुस्कारा टाकत निघाली. विश्वंभररावांचे कान टवकारले. पेटीचा भाता कधी गच्च भरायचा नसतो. गच्च भरला की सूर किंचाळतो. भात्यात थोडी जागा ठेवायची, म्हणजे सूर आपल्या पायानं चालतो. त्यांनी अजून हवा सोडली, कुशीवर झाले, अजून थोडी सोडली. खुबा खाली गेला, फरशीला लागतो लागतो म्हणेपर्यंत थांबला. खांदा आपली जागा करून बसला. पाठीत इतके महिने वळलेली मूठ हळूहळू उघडली.

"तारा," त्यांनी हाक मारली. "हीच."

ताराबाई दारात उभ्या होत्या. "हीच का? छान. तिथं सायकलवाला कुठं शोधणार? घाटावर?"

मग पाठीची कळ सुटली आणि हवा भरायची ही नवी लागली. दिवसभर ते घरात फिरत राहिले. वर्तमानपत्र उघडत, मिटत. पेटीसमोर बसत, एक सूर धरत, सोडून देत.

भाद्रपदातली परिवर्तिनी एकादशी आली. शिरड शहापुरात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता. संध्याकाळच्या कीर्तनाला पेटी विश्वंभररावांची, पखवाज सटवाजींचा. दुपारी हट्टा गावच्या प्रियदर्शनीताईंचं प्रवचन होतं. वय कोवळं, पण बोलणं असं की टाळकरी टाळ वाजवायचं विसरावेत. ताराबाई म्हणाल्या, "तिथंच होऊन जाऊ द्या. फराळ झाला की मंडपात निजा. उठलात तर कार्तिकात जा."

जीपमधून जाताना गादी विश्वंभररावांच्या मांडीवर होती. रस्त्याच्या दोन्ही अंगाला हळद उंच झाली होती. एरवी ते सगळं बघत, दरवेळी काहीतरी बोलत. आज त्यांचा डावा पाय आपोआप हलत होता. ताराबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. हात काढला की पुन्हा हलू लागला.

भगर आणि शेंगदाण्याची आमटी पोटात गेल्यावर मंडपात जो तो आपापली जागा धरून लवंडला. विश्वंभररावांनी एका खांबापासून मुद्दाम लांब गादी उलगडली, म्हणजे उठताना खांब धरला असं कुणी म्हणायला नको. बघता बघता भोवती माणसं जमली. सटवाजींनी बैठकच मारली.

"आता भरा की हवा."

"ट्रॅक्टरला हवा मारायची मशीन असेल ना कुणाकडे?"

"लाइन गेली. चारच्या पुढं येती. काहून, तोंडानं न्हाई भरत का?"

समोर मारुतीराया, हातात रिकामी गादी. सटवाजींच्या शेजारी बसलेल्या आशाबाई, त्यांच्या मालकीणबाई, म्हणाल्या, "द्या इकडं, माझा नातू फुगे लई फुगवतो."

"तसं नाही हो वहिनी. उष्टं होतं."

"काय उष्टं होतं?"

"हवा."

मंडपात कुणीतरी खुसखुसलं. कुणी हसलं नाहीही, म्हाताऱ्या मंडळींना मुद्दा बराबर वाटला, आणि त्यांच्यात तिथल्या तिथं दोन तट पडले. एकजण म्हणाला, बासरी चालती मग गादीला काय झालं. दुसरा म्हणाला, बासरीत वारा राहत न्हाई, निघून जातो, गादीत कोंडून राहतो. विश्वंभरराव मनातून त्या दुसऱ्याच्या बाजूचे होते, पण त्यामुळे त्यांचं काहीच भलं होणार नव्हतं. दुपार चालली होती. गादी रिकामी राहिली असती तर निजणं नाही, निजणं नाही तर उठणं नाही, आणि कार्तिकात सटवाजी एकटे गेले असते.

तेव्हा ताराबाई उठल्या. पदर कमरेला खोचला, नवऱ्याच्या हातातून गादी घेतली, मांडी घालून बसल्या आणि झाकण उघडून तोंडाला लावलं.

"अगं, काय करतेस?"

त्यांनी एक दमदार फुंकर आत सोडली, झाकण अंगठ्यानं दाबलं आणि मान वर केली. आवाज चढलेला नव्हता.

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, नवऱ्याच्या ताटात जेवायचं. ताट धुवायचं नाही, बदलायचं नाही. इतकी वर्षं तुमच्या उष्ट्यावर जेवले मी. आमटीत तुमची बोटं फिरलेली असायची. माझं काही बिघडलं नाही. तुम्ही एक दुपार माझ्या उष्ट्यावर निजा."

पुन्हा फुंकर. पुन्हा. वाऱ्याबरोबर ताराबाईंचे गाल फुगत होते, कपाळावरची शीर वर येत होती, मध्येच त्या दम घेत होत्या. विश्वंभररावांना बघवेना आणि नजर काढवेना. ताटाची गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण कुणी मोठ्यानं बोलून त्यांच्यासमोर मांडली नव्हती. ते ताट त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. हात धुवायला उठायचे ते उठायचेच.

"बास," ते हळूच म्हणाले. "गच्च नको. थोडी कमीच."

"ठाऊक आहे. बघितलंय मी." ताराबाईंनी झाकण लावलं. "व्हा आडवे."

ते आडवे झाले. गादीनं धरलं. पण झोप का अशी सांगितल्यानं येते? भोवती डोळे. त्यांनी कूस बदलली, आणि त्या शांततेत गादी अशी कुरकुरली की पलीकडून आवाज आला, "वेफर कोण खाऊन राहिलं? आमाला बी द्या." आता मात्र सगळा मंडप हसला. विश्वंभरराव ओशाळले, हलायचं नाही म्हणून श्वास धरून पडले, आणि हलायचं नाही म्हटल्यावर सगळ्या अंगाला एकदम खाज सुटली. पुन्हा कुरकुर. पुन्हा हशा.

तेवढ्यात माइक नसतानाच प्रियदर्शनीताई व्यासपीठावर बसल्या. हात जोडले, गजर झाला. मंडळी सावरून बसली.

"आज कोणती एकादशी?" त्यांनी विचारलं. "परिवर्तिनी. म्हणजे काय? आषाढात आपला देव निजला. कार्तिकात उठणार. आणि आज, मधोमध, तो काय करतो? कूस बदलतो. बाकी काही नाही. जगाचा मालक, शेषाची मऊ गादी, पायाशी लक्ष्मी, तरी त्यालाही एका अंगावर फार काळ निजवत नाही. आणि त्यानं कूस बदलली म्हणून आपण इथं उपास धरतो, टाळ वाजवतो, सण करतो. मग पेटीवाल्या काकांनी दोनदा बदलली तर हसता का?"

त्यांनी विश्वंभररावांकडे बघून नमस्कार केला. विश्वंभररावांनी पडल्या पडल्याच हात जोडले. हसू थांबलं. कुणी मुद्दाम त्यांच्याकडे पाहीनासं झालं. त्यांनी निवांत कूस बदलली. गादी वाजली, वाजू दिली. ताईंचा आवाज वर जात होता, खाली येत होता, आणि पाठीखालून, आपल्या नसलेल्या श्वासानं, कुणीतरी त्यांना अलगद उचलून धरलं होतं. देव निजतो म्हणजे काय, हे ताई आता सांगणार होत्या. ते ऐकायचं होतं. नीट ऐकायचं होतं.

जाग आली ती आरतीच्या टाळ्यांनी. सगळं प्रवचन होऊन गेलं होतं. आयुष्यात ज्यानं कीर्तन-प्रवचनातला एक शब्द सोडला नाही, तो माणूस भर मंडपात घोरला होता. सटवाजी त्यांच्या डोक्याशी बसून मिशीत हसत होते.

"प्रवचनाला साथ चालली हुती तुमची. लयीत हुतं, तक्रार न्हाई."

विश्वंभरराव शरमले, पण क्षणभरच. आता उठायचं होतं. माणसं आरती सोडून वळून उभी राहिली. ते उजव्या कुशीवर झाले. गुडघे पोटाशी घेतले. तळहात फरशीला टेकला. आशाबाई पुढे आल्या, तशा ताराबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. एक गुडघा, मग दुसरा. पाठीनं नेहमीच्या जागी थांबून विचार केला आणि जाऊ दिलं. विश्वंभरराव उभे राहिले. मारुतीसमोर, कुणाचा हात न धरता, अगदी सरळ.

सटवाजींनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. कुणीतरी जयजयकार केला. विश्वंभररावांनी आनंदानं बायकोकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा जागच्या जागी थांबला. ताराबाई हसत होत्या, पण ते हसू उशिरा येऊन बसलेलं होतं. त्याच्या आधी जे तिथं होतं ते त्यांना दिसलं होतं. अट घालताना, हे उठतील असं तिला वाटलंच नव्हतं. मघाशी ती नुसती गप्प बसली असती, पदर खोचला नसता, तर सगळं आपसूक राहून गेलं असतं. दोष लाइटीचा होता, शास्त्राचा होता, तिचा कुणी म्हटला नसता. तरी ती उठली होती.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"नाही गं तारा. खरंच नाही."

ताराबाईंनी मान हलवली आणि खाली वाकून गादी आवरायला घेतली. झाकण उघडून एका टोकाकडून गुंडाळू लागल्या, दर वळशाला गुडघा टेकवून दाबत. विश्वंभरराव मदतीला वाकले.

"राहू द्या. आत्ताच उठलात."

"काका," सटवाजी म्हणाले, "मंग कार्तिकात देव उठले का निघायचं नं? पोराला गाडीचं सांगतो."

याच प्रश्नाची ते कित्येक महिने वाट बघत होते. आणि आता उत्तर ओठाशी येऊन तिथंच चुळबुळ करू लागलं. त्यांनी सटवाजींकडे बघितलं, देवाकडे बघितलं. बायकोकडे बघवेना.

"निघतील," ताराबाई मान वर न करता म्हणाल्या. "चांगला दिवस बघा." मग जरा थांबून, नवऱ्याला ऐकू जाईल एवढंच, "तिकडं रोज तुमची तुम्ही फुंकायची. मी नसणार फुंकायला. थंडीत दम लागला तर थांबून फुंका, एका दमात भरायला जाऊ नका."

"बरं."

"बरं नाही. ऐकलं म्हणा."

"ऐकलं."

विश्वंभररावांना आता बसावं की उभं राहावं कळेना. ते तिच्या शेजारी फरशीवर खाली बसले. बुवा आले होते, कुणीतरी पेटी आणून ठेवली होती, सटवाजी पखवाजाला कणीक लावत होते. ताराबाईंनी गादी अर्ध्यावर गुंडाळून पुन्हा उलगडली आणि पहिल्यापासून दाबायला घेतली. आत अजून बरीच हवा होती, आणि ती सावकाश निघत होती.